धाग्यांपासून लांब ठेवा

माझ्याकडे एकतीस गाड्या आहेत, चालू बावीस.
बाकीच्या कपाटावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
स्पेअर पार्टची वाट बघत.

निळ्या रुळांची जपानी मंगळवार बाजारात सापडली,
भंगारात, मिक्सरच्या भांड्याखाली, उताणी.
वीस सांगितले होते.
मी खिशातला सेल घालून बघितला, चाकं हवेत फिरली,
तर तो म्हणतो, काका, आता पन्नास.

चिनी इंजिनं गड्ड्याच्या जत्रेतली.
एक धूर सोडतं, एक गातं,
गातं ते थांबतच नाही.
त्याच्या गळ्याची वायर मी कापली.
पाप लागलं असेल तर लागू दे.
चंदेरी ती कोरियाची. मेहुण्याचा पोरगा
तिथे जहाजांना रंग देतो, त्यानं पाठवली.

पोटावरची अक्षरं वाचता येत नाहीत.
घरी तेलुगू, शेजारी कानडी, दुकानात मराठी,
एवढ्यावर साठ वर्षं भागलं.
म्हणून नावं मीच ठेवली:
होटगी मिक्स्ड. टिकेकरवाडी पॅसेंजर.
आणि एक नुसतीच, गुपचूप, भूदेवी,
कारण तीही चढावर कुरकुरते.

जपानी रूळ चिनी रुळात बसत नाही.
ब्लेडनं तासला, मागाच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा जोडला, बसला.
घाटाला चादरी आहेतच,
चार घड्यांचा चढ, मोराच्या चादरीवरून उतार.

दुपारी लाइट जाते.
भद्रावती पेठेतले माग एका दमात गप्प होतात,
कानात खड्डा पडतो.
तेव्हा मी गाडी सोडतो.
दीड व्होल्टची घरघर
मागांखालून, ऑइलच्या डागांना वळसा घालून.
कामगार जेवता जेवता पाय वर घेतात.
सिद्राम डब्यावर शेंगाचटणीची पुडी ठेवतो,
पलीकडे मल्लेशम उतरवून घेतो.
चटणी कधी सांडली नाही, असं म्हणणार नाही.

परवा कोंड्यालांचा श्रीधर आला.
जपानीला उताणी करून मोबाइल धरला,
आणि वाचून दाखवलं:
‘केस व धाग्यांपासून लांब ठेवा.’

हसता हसता ठसका लागला मला.
अरे, इथे भाकरीत धागा निघतो,
नाकात, देवाच्या समईत, पासबुकात.
लांब म्हणजे कुठे ठेवू, विजापूरला?

दर सुट्टीला सुई घेऊन बसतो.
आसाभोवतीचं सूत उलगडतो:
हिरवं, ते टॉवेलचं.
लाल, गेल्या दिवाळीच्या ऑर्डरचं,
पैसे अजून यायचेत.

काल भूदेवीच्या मागच्या चाकात
गुलाबी दोरा निघाला, बारीक, गच्च.
बिडीचा.
हिची बोटं आखडली, सूप माळ्यावर गेलं,
त्याला चार वर्षं झाली.

सुई लावली होती. मग नाही ओढली.
गाडी घाटात जरा अडते,
चादरीच्या दुसऱ्या घडीवर थांबून विचार करते.
आतून ही विचारते, ‘आली का?’
‘येतेय,’ म्हणतो,
आणि बोटानं हळूच ढकलतो.