रीडिंग

बत्तीस वर्षं मी लोकांची मीटरं वाचली.
नंदनवन, हिवरीनगर, पार वाठोड्यापर्यंत.
सायकल भिंतीला टेकवायची, टाचा उंचावायच्या,
धुळकट काचेवरून अंगठा फिरवून आकडा टिपायचा.
आत कोण रात्रभर जागतं, कोणाकडे काय जळतं,
ते मला कधी कळलं नाही.
मीटर बाहेर असतो.

आता दर तीन महिन्यांनी
धंतोलीतल्या एका तळघरात
स्वरूपा उईके नावाची पोरगी माझं रीडिंग घेते.
"काका, मूठ आवळा. शीर कुठं लपवली?"
पिवळ्या टोपणाच्या दोन नळ्या.
सीईए. सीए एकोणीस-नऊ.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
फीडरची नावं असतील.

मला पोट नाही.
असं सांगितलं की लोक आधी हसतात,
मग कुठं बघावं ते त्यांना सुचत नाही.
डॉक्टर बारापात्रेंनी अन्ननळी थेट आतड्याला जोडली,
जळालेला डबा वगळून आम्ही लाइन ओढायचो तशी.
दिवसातून सात वेळा वाटी-वाटी खातो.
एकदा पोह्यावर चोरून तर्री घेतली
तर अर्ध्या तासात घामानं भिजलो, छाती धडधडायला लागली.
शकुन वारा घालत होती
आणि वारा घालता घालता शिव्या देत होती.

वही तीच ठेवते.
तारीख, आकडा, आणि त्या दिवशी भाजी कोणती होती तेही.
१.९, दोडके.
२.२, चवळी.
१.८, लग्नात होतो, भाजी आठवत नाही.
मग मार्चमध्ये ४.७.
भाजीची जागा कोरी.

पाचच्या आत म्हणजे नॉर्मल,
रिपोर्टवर छापलेलंच होतं, ठळक.
पण बत्तीस वर्षं मीच तर लोकांना सांगत आलो
की काऊन भांडता, एका आकड्याला अर्थ नसतो,
त्यातून मागचा वजा करा.
मी वजा केलं.
शकुननं आधीच केलं होतं.

डॉक्टर म्हणाले, कधी कधी उगाचही चढतो.
यकृत, कुठली तरी सूज. बिडी ओढता का?
मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.
जानेवारीपासून, रोज दोन, गच्चीवर,
टाकीच्या मागं.
सांगितलं.
सांगताना चोरी पकडल्यासारखं वाटायला हवं होतं,
तर खांद्यावरचं पोतं कोणी उतरवल्यासारखं वाटलं.
आणि शकुन, जी तीस वर्षं बिडीवरून
माझ्याशी आठ-आठ दिवस बोलली नव्हती,
जिन्यात कठड्याला धरून उभी राहिली
आणि म्हणाली,
"बिडीच असू दे बाप्पा. बिडीच निघू दे."

स्कॅनमध्ये आत्ता काही दिसत नाही.
'आत्ता' हा शब्द आम्ही रिक्षातून घरापर्यंत आणला,
कोणी हातात धरला नाही.
महिनाभर बिडी बंद, मग पुन्हा रक्त.
एप्रिल असा तापला की कूलरचं गवत दोनदा बदललं.
रात्री गच्चीवर टाकीच्या मागं जाऊन
मी नुसता उभा राहायचो.
एकदा शकुनही आली. वास घेतला, आणि थांबली.

हिवरीनगरला एक म्हातारी होती.
मी दिसलो की मीटरच्या पुढ्यात पाठ लावून उभी राहायची.
"आज नको वाचू रे भाऊ.
पुढच्या महिन्यात वाच."
मी शेरा मारायचो, दार बंद,
आणि सरासरी लावून पुढच्या घरी जायचो.
ती दारातच उभी असायची.

आज सकाळी शकुननं वहीत तारीख घातली,
पुढं 'दुधी' लिहिलं, मधे जागा सोडली.
रिपोर्ट संध्याकाळी सातनंतर.

"काका, मूठ आवळा," स्वरूपा म्हणाली.
मी ऐकलं.
पण थोडा वेळ
हात तसाच उघडा ठेवला.