सहा की सात

शाहूपुरीतल्या दवाखान्यात
आण्णांच्या घशातून दुर्बीण खाली उतरली.
पडद्यावर लालभडक ओली भिंत,
तिच्यात एक पांढरट खड्डा, चवलीएवढा.
तांबडा रस्सा जरा बेताने, डॉक्टर म्हणाले.
नेमगोंडा बाळगोंडा शेटे, वय एकसष्ट,
जीभ अजून बधिर, तरी बोलले:
कांदा शिवलेला न्हाई मी उभ्या जन्मात.

हुपरीच्या एस.टी.त त्यांना सांगितलं,
हे जेवणाचं नाही, जंतूचं काम.
मळसूत्रासारखा असतो. आम्लातच घर करतो.
आणि विष सोडतो.
दिसतं का ते?
मी मोबाइल पुढे धरला.
बर्फात थिजवून, हजारो सावल्या
एकीवर एक ठेवून कुणीतरी काढलेलं चित्र.

खिशातलं भिंग डोळ्याला लावून
आण्णा नखानं मोजायला लागले.
सहा पाकळ्या.
पुढच्या चित्रात सात.
पुन्हा मोजल्या. सातच.
एकाच साच्यातनं?
साचा नाहीच आण्णा, त्या आपापल्या धरतात एकमेकींना.
डाख कुठं दिलाय मग?
डाखही नाही.
एकेक पाकळी म्हणजे तारेची तीनधारी वळणं,
दांडीवर ओढून बसवल्यासारखी,
आणि दोन तुकड्यांमध्ये एक सैल कडी.

बस पट्टणकोडोलीला थांबली. बसूनच राहिले ते.
सहा कंपासनं पडतात, म्हणाले,
त्रिज्या फिरवली की झालं.
साताला कंपास चालत न्हाई.
साताला हात लागतो.

एवढं बेस फूल, आणि ह्यानं भोक पडतं?
फूल काहीच करत नाही, मी म्हटलं,
आम्लात पडेपर्यंत.
आम्लात ते सुटतं. पाकळी पाकळी वेगळी होते,
पेशीच्या कातडीला जाऊन चिकटते,
आणि तिथं पुन्हा फेर धरतात सगळ्या.
या वेळी मधोमध नळी असते.
मिठाचा अर्धा भाग तिच्यातून आत शिरतो,
पेशीत फुगे धरतात,
मोठे होत जातात.

आण्णांनी भिंग मिटलं.
चाळीस वर्षं तेजाबात बुडालेली बोटं
पँटीवर पुसली, उगाच.
आमची चांदी तेजाबातनं उजळून निघती, म्हणाले.
पुढं कोल्हापूर मागं पडल्याचं
कुणी काही बोललं नाही.

चौदा दिवस गोळ्या.
संध्याकाळची गोळी दिवस मावळायच्या आत,
म्हणून आई पाच वाजल्यापासून घड्याळाकडे बघायची.
नवव्या दिवशी त्यांनी विचारलं,
किती जीव गेले असतील गं माझ्या पोटात?
मी विद्यापीठात हेच शिकवते.
आकडा तोंडपाठ होता.
म्हटलं, मोजता येत नाहीत.
त्यांनी मान हलवली. मोजणारा माणूस तो,
त्याला पटलं नव्हतं.

श्रावण संपता संपता गुजरीतून
पैंजणांची एक जोडी परत आली.
चिठ्ठी: शेटे, एका पायातलं फूल
वाकडं दिसतंय, गिऱ्हाईक घेत नाही.
मी भिंग मागितलं.
डाव्या पायाचं सहा.
उजव्याचं मी दोनदा मोजलं.
आई म्हणाली, मुशीत टाका, चांदी तरी सुटेल.
आण्णा ताक पीत होते.
राहू दे, म्हणाले,
आणि खुंटीवर भट्टीपासून लांब
टांगून ठेवली.