तीन अथर

माझं काम मोजण्याचं.
आदमच्या खजूरबागांतून लाल फडक्याच्या काठ्या
दर वीस मीटरवर रोवा म्हणाले,
रोवल्या.
तिसाव्या काठीपाशी नसरा बिन्त झहरान बसली होती,
म्हणजे काठी उपटून
तिच्या जागी चटई टाकून.

कॉफी आली. वकील हमदान फाइलची दोरी सोडेपर्यंत
तीन पेले झाले.
रिकामा पेला जरासा हलवला की "पुरे",
हे कळायला मला इथे पहिलं अख्खं वर्ष लागलं होतं,
तोवर पीतच होतो.

हमदान म्हणाला, आजी, जमिनीच्या पोटातलं सगळं सरकारचं.
तुमचं ते वरचं.
आमचा फक्त नळ जाईल, दीड मीटर खालून.
ती म्हणाली, वरचं म्हणजे किती खोल?
हमदाननं माझ्याकडे पाहिलं. मी मोजणारा.
माझे वडील संगमेश्वर तालुक्यात भूमापक,
साखळी ओढत सडे उतरायचे,
क्षेत्र लिहायचे, आकार लिहायचे,
पोटखराबासुद्धा लिहायचे.
खोलीचा रकाना त्यांच्याही कागदावर नव्हता.

मग झाडांचे भाव.
खलासला इतके रियाल, फर्दला इतके,
नराला निम्मे, फळ देत नाही म्हणून.
ती हसली. दात तीनच, पण हसणं पूर्ण.
"आणि बाकीच्या त्याच्याशिवाय काय धरतात? धूळ?"
हमदाननं खोडून नराचा भाव वाढवला.
एक वठलेलं होतं, नवऱ्यानं लावलेलं,
तेही मोजायला लावलं.
मी खोडावर खडूनं लिहिलं, सत्तेचाळीस.

इथवर सगळं जमत आलं होतं.

मग ती पाण्याकडे वळली.
फलजमध्ये तिचा वाटा तीन अथर,
आपल्या हिशेबात दीड तास,
दर आठव्या रात्री.
तिचा एक तारा आहे, तो भिंतीवर आला
की कोणी तरी दगड काढतं, पाणी तिच्या पाटात शिरतं.
आमच्या नकाशात फलज बारीक निळी रेघ होती
आणि तिच्याखाली काम अकरा दिवस.
"टँकर पाठवू," हमदान म्हणाला.
"टँकर कुठल्या ताऱ्यावर येतो?"

हे लिहून मस्कतला पाठवलं. दोनदा परत आलं.
तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्यात वाक्य होतं:
आठव्या रात्रीचं पाणी शक्यतो थांबवलं जाणार नाही.
तिला वाचता येत नाही, वाचून दाखवणं माझ्याकडे आलं.
शाईची डबी उघडी. अंगठा निळा झालेला.
शक्यतो हा शब्द गिळता आला असता.
जीभ तशी वळलीही होती.
पण समोर ती कान देऊन बसली होती,
बहिरट माणसं बसतात तशी, ओठांकडे बघत.
वाचला.

तिनं तो परत म्हणायला लावला.
मग तिचा नातू मुबारक याला विचारलं,
तू लग्नात मला हार देणार होतास,
तेव्हा हाच शब्द होता ना?
मुबारक मोबाइलमध्ये बघत राहिला.
अंगठा तसाच हवेत.
शाई वाळली.
तिनं पुन्हा बुडवला नाही.

आता एकोणतिसाव्या काठीपासून रेघ वळते,
बागेला वळसा घालून ओढ्याच्या कोरड्या पात्रातून जाते.
चारशे दहा मीटर जादा.
कारणाच्या रकान्यात मी "खडक" लिहिलं.
तिथे खडक नाही,
भुसभुशीत माती आहे, कुदळ सहज जाते.

निघताना तिनं पेला भरला.
मी हलवायला विसरलो.