निळी कडी

जुहू विमानतळाच्या कुंपणाकडेनं
रोज सकाळी चालतो मी, गुडघा जपत.
आत आता हेलिकॉप्टरं.
त्यांना तार लागत नाही, आणि तळहातावर
पंखाचं टोक तोलून धावणारा पोरगाही लागत नाही.

तो मी होतो. अठराचा.
ग्लायडर म्हणजे लाकूड, कापड, वार्निशचा वास;
इंजिन त्याचं पाऊण मैल लांब, जमिनीवर,
भंगारातल्या एका लॉरीचं,
आणि त्यावर हरबा तांडेल, डोळे किलकिले करून.
कोळीवाड्यातला माणूस, पोलादी तारेलाही
जाळ्यासारखा सांधा घालायचा.
दर शनिवारी अख्खी तार चिंधीतून ओढायचा;
चिंधी अडकली, की तिथं
खाऱ्या हवेनं खाल्लेला एक धागा.
म्हणायचा, "जालं फाटलं तर म्हावरं जातंय, बस.
ही तार वेलेवर तुटली नाय, तर पोर जातंय."

वेळेवर तुटायला एक कडी असे,
तार आणि ग्लायडरच्या मध्ये,
मुद्दाम कमजोर केलेली, बोटाएवढी.
एकट्याच्या ग्लायडरला निळी, दोघांच्याला लाल.
ताण वाढला की पंखाआधी ती मोडायची.
तेवढ्यासाठीच तिला पगार, असं आम्ही हसायचो.
मोडल्यावर काय करायचं, तेही पाठ:
आधी नाक खाली. मग वेग. मग विचार.
समोर गवत आहे तोवर वळायचं नाही.

जानेवारीतल्या त्या रविवारी निळ्या संपल्या होत्या.
स्टोअरचे कारखानीस म्हणाले,
नागदेवीतून उद्या आणतो.
मागे रांगेत सहाजण, ऊन कलतं,
वारा समुद्रावरून, हिसक्याहिसक्यानं.
निस्सीम चेऊलकर पट्टे आवळून बसलेला.
मी लाल कडी अडकवली.
"लाव" असं कुणी म्हटलं नाही.
"नको" असंही.

निशाण हललं. ढील गेली. तार ताठ.
आठ पावलं धावलो आणि पंख
हातातून आपणहून निघाला.
मग तो चढला, फार उभा चढला,
शेपटी डावीउजवीकडे हलवू लागला,
म्हणजे: वेग कमी कर, वेग.
हरबानं पाहिलं, हात मागे घेतला,
पण तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत,
आणि निळी जिथं मोडली असती
तिथं लाल मोडली नाही.

सुताराच्या दुकानातून येतो तसा आवाज आला.

हरबानं पात्याचा दांडा ओढून तार कापली.
उशीर केला नाही त्यानं. कधीच केला नव्हता.

निस्सीम वाचला. कमरेखालचा सोडून.
चौकशीच्या कागदात "वाऱ्याचा झोत" असं आलं,
खाली पाच सह्या, त्यात माझी,
अक्षर त्या दिवशी चांगलं आलं होतं.

बावीस वर्षांनी अश्दोदहून पत्र.
मराठीच, जरा गंज चढलेली.
"पाय तसेच आहेत, मुली मोठ्या झाल्या.
इथं बोंबील मिळत नाहीत.
तू स्वतःला खातोस, असं हरबानं कुणाकडून तरी कळवलं.
तर ऐक. बसण्याआधी मी वाकून कडी पाहिली होती.
लाल होती.
दोन तास नंबरची वाट पाहिली होती मी.
मी काच लावून घेतली."

उत्तर लिहिलं नाही. काय लिहायचं?
हरबाही गेला त्याच वर्षी.

काल रात्री बिल्डिंगच्या मीटर-खोलीत
वायरमन पोरगा फ्यूजला जाड तार गुंडाळत होता.
म्हटलं, थांब.
"काका, बारीक सारखी उडते."
उडू दे, म्हटलं.
माझा हात त्याच्या मनगटावर होता, जरा घट्टच असावा,
कारण तो तिकडेच बघत राहिला.

तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं,
अरे, लाइट कधी येणार?