खुंटीवरची चावी

फैजपूरला परत येऊन सात महिने झाले.
खुंटीवर पंपघराची चावी, कोठीची,
आणि त्यांच्यात ती एक पितळी,
कोइंब्रातल्या तिसऱ्या मजल्याची.

पहिल्या आठवड्यात तोंडच उघडत नव्हतं.
गाठीला एम.ए., आणि मीठ मागता येईना.
दोना लुर्देस एकेक वस्तू उचलून दाखवायची:
बाल्द. मी म्हटलं, बादली!
गामेला. घमेलं!
ती खो खो हसली
आणि मग मोरीपाशी पाठ करून
बराच वेळ तोच पेला विसळत राहिली.
मुलगा लक्झेंबर्गला, फोन करत नाही,
हे मला भूतकाळी क्रियापदं आल्यावर कळलं.

निघताना चावी पुढे केली,
तर तिनं माझी मूठच मिटवली.

आई विचारते, ही कशाची वं?
सांगितलं.
"येवढ्या लांबचं दार, अन् चावी आपल्याकडे?
मंग ती बाई रातची कडी लावत नसंन."

काल तिनं सगळ्या चाव्या परातीत काढल्या,
बोळ्यानं तेल लावलं,
पंपघराच्या, कोठीच्या,
आणि तिला दोन थेंब जास्तच.
"वल्या मुलखातली हाये," म्हणाली.