अकरा महिने

वडगावात खोली मिळाली तेव्हा
नीलव्वा मेटगुडनं चावी देण्याआधी
भिंतीवर हात ठेवला, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा,
आणि म्हणाली, तूत ब्याड री.
मग माझ्यासाठी मराठीत:
भोक पाडायचं न्हाई. खिळा पण न्हाई.

स्टॅम्पपेपर अकरा महिन्यांचा, कन्नडमधला.
मी आकडे वाचले, माझं नाव ओळखलं,
बाकीच्यावर विश्वासानं सही केली.

इंटरनेटवाला इरण्णा म्हणाला, वर्षाचं घ्या ताई,
राऊटर फुकट, दोन महिने वरून.
म्हणजे चौदा.
चौदातून अकरा गेले, तीन उरले.
ते तीन कुठल्या घराच्या खिडकीत लावू?
शिफ्टिंग करून देतो की, तो म्हणाला,
नव्या घराकडं आमची लाइन असली तर.

असली तर.
या दोन शब्दांवर माझा संसार
चारदा टेम्पोत चढलाय.

टिळकवाडीत राऊटर फुकट होता.
सोडताना त्यांनी परत मागितला, अडॅप्टर सापडेना:
सहाशे रुपये.
फुकटचा भाव तेव्हा कळला.
अनगोळला लाइन चांगली होती,
मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं.
खासबागेत मालक चांगला होता, लाइन नव्हती.
गच्चीवर, पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवून
मी पुण्याच्या हॉस्पिटलची बिलं भरायची,
कुणाचा मुतखडा, कुणाचं बाळंतपण,
आणि टाकी भरून वाहू लागली की
आधी बाळंतपण उचलून पळायची.

कस्टमर केअरची बाई सांगते
कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन.
मी थोडी थांबते. उगीच.
मग दोन दाबते.

या वेळी हिशेब असा केला:
राऊटर स्वतःचा, शहापुरातून, बाराशेला,
बिल गव्हाच्या डब्यात.
पैसे महिन्याचे महिन्याला.
शंभर रुपये जास्त पडतात.
पडू देत. ते निघून जाता येण्याचं भाडं.

इरण्णा वायरचं वेटोळं खांद्यावर घालून आला.
नीलव्वा दारात, कमरेवर हात.
खिडकीची काच कोपऱ्यात फुटकी होती,
म्हटलं, हितनं घे.
पावसाचं पाणी वायरीवरनं आत येतंय बघा ताई,
तो म्हणाला, माझं काय जातंय.

नीलव्वा काही बोलली नाही.
आत आली. सोसायटीचं कॅलेंडर उचललं.
मागं भोक होतं, बोटाएवढं,
मागावरच्या सुताचा बोळा कोंबून बुजवलेलं.
लेकानं पाडलंय, म्हणाली. मॅच बघायला, डिशची वायर.
आता हुबळीला असतो. सुनेच्या घराजवळ.

बोळा तिनंच ओढला.
आधी उजेड नाही आला,
शेजारचा माग आला, खटाखट, खटाखट,
मग उजेड.

इरण्णानं वायर ओवली.
नीलव्वानं बोळा फेकला नाही, पदराच्या टोकाला बांधला.
जाताना परत घालायचा, म्हणाली.
मी होय म्हटलं.
करारात हे कुठं नाही, किंवा असेलही,
मला वाचता येत नाही.

नाव काय द्यायचं, इरण्णानं विचारलं, वायफायला?
मी जुनंच सांगितलं. पासवर्डही जुनाच.
हिरवा दिवा लागला
आणि मोबाइल, लॅपटॉप, आईचा चिरा पडलेला टॅब
एकेक करून आपोआप जोडले गेले.
त्यांना कुणी सांगितलंच नाही
आपण घर बदललं म्हणून.

फक्त खालच्या मजल्यावरचा दयानंद
दोनदा विचारून गेला,
वहिनी, वडगावात हे 'अनगोळ मागची खोली'
नेमकं कुठं दिसतंय हो?