तारण

गोरेगावला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
आमचा स्टुडिओ. दाराला आतून गादी ठोकलेली,
तरी तीन वाजता पावाचा वास शिरायचाच.

त्या दिवशी सुरंगाबाई आल्या.
ज्यांच्या गाण्याशिवाय वरातीतला बेंजो
पुढच्या गल्लीत सरकत नाही, त्या.
डोक्याला रुमाल, गालात लवंग,
भायखळ्याच्या मंडळीसाठी ख्रिस्ती गीत गायला.
मंडळीने वर्षभर केक विकून पैसे साठवलेले.
पाळक आढावांनी पाकीट दोन्ही हातांनी दिलं.
बाईंनी न मोजता पर्समध्ये टाकलं,
मग बाथरूममध्ये, नळ सोडून, मोजलं.

पहिलं कडवं एका दमात.
दुसऱ्यात अडल्या. कागद काचेला टेकवला.
"हे तारण म्हणजे काय हो?
आमच्यात तारण बँकेत ठेवतात."
आढाव चष्मा पुसत राहिले.
कोरसमधली सॅलोमी ओहोळ, शाळेत गणित शिकवते,
ती म्हणाली, "तसंच बाई.
फक्त भरून सोडवणारा दुसराच असतो."

बाई हसल्या नाहीत.
"माझा मालाडचा फ्लॅट," एवढंच म्हणाल्या
आणि हेडफोन चढवला.

टेक चार.
मी काटा बघत होतो, मला काटा बघायचेच पैसे मिळतात.
'तारण' वर सूर घसरला,
सुईच्या टोकाएवढा.
नंबर लागल्यावर काउंटरपाशी
माणसाचा आवाज घसरतो, तसा.
तिथे कोरस यायला हवा होता.
आला नाही.
सॅलोमी तोंड उघडं ठेवून उभी,
आढावांचा चष्मा अजून हातातच.

"चुकलं ना? परत घेऊ या."
मी काचेमागून मान हलवली. नको.

रात्री एकटा बसलो साफसफाईला.
श्वास कापणं हे माझं रोजचं काम,
न्हाव्याने कानामागचे केस काढावेत तसं.
सूर वर ओढायला तर एक बटण पुरतं.
त्या शब्दावर गेलो
आणि बोट तसंच राहिलं.
देवाशी माझा हिशेब बाबा गेले तेव्हाच मिटलाय.
खाली उद्याचं पीठ मळायला घेतलं होतं,
धप्, धप्, लाद्यांमधून टाचेत येत होतं.

कोरस मागाहून जोडला.
बाकी हात लावला नाही.

पहाटे बाईंचा मेसेज:
तो शब्द नीट केलात ना, दादा?

केला, म्हणून कळवलं.